व्हायरस न होणारं मशीन

"बाहेरचं काय घातलं होतं?"

बिघडलेल्या कॉम्प्युटरला हात लावण्याआधी काका हे विचारायचेच. मग शेजारी पडलेली फ्लॉपी उचलायची, अंगठ्याच्या नखावर दोनदा आपटायची आणि आमच्याकडे असं बघायचं, की वाटावं आपण गाडीवरची भेळ खाऊन डॉक्टरांकडे आलोय.

रविवार कारंज्याजवळच्या गल्लीत आमचं डीटीपीचं दुकान होतं. मी आणि नामपूरची शैला, आम्ही दोघी ऑपरेटर. काम मुख्यतः लग्नपत्रिकांचं. दुकान काकांचं, आणि काका मनमाडचे. रेल्वेच्या सिग्नल खात्यातली नोकरी मुदतीआधी सोडून नाशिकला आलेले आणि पन्नाशीत कॉम्प्युटर दुरुस्ती शिकलेले. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो उशिरा शिकतो आणि मग सगळ्यांना शिकवल्याशिवाय राहत नाही.

एकदा ऐन लग्नसराईत सायखेड्याच्या एका गिऱ्हाइकाने पत्रिकेचा मजकूर पुतण्याच्या फ्लॉपीवर आणला. संध्याकाळपर्यंत त्यातल्या व्हायरसने आमची तिन्ही मशीनं बंद. नवरदेव, नवऱ्या, मुहूर्त, सगळं आत अडकलेलं. काका अख्खा दिवस बसले, निम्म्याहून जास्त पत्रिका बाहेर काढल्या आणि घाम पुसत म्हणाले, "विंडोजमध्ये हेच होणार. कोणीबी येतो आन् घरमालक होऊन बसतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट आलेली एक सीडी आणली आणि कोपऱ्यातल्या जुन्या, चौथ्या मशीनमध्ये विंडोजऐवजी लिनक्स घातलं.

"याला व्हायरस होत नाय," ते म्हणाले. "इथं पाहुणा ओट्यावर बसतो. आतल्या खोलीत जायचं तर मालकाची किल्ली, म्हंजे पासवर्ड, लागते."

शैला फटकळ. ती म्हणाली, "काका, यात आपले मराठी फॉन्ट चालत नाहीत, पत्रिका करायचं कोरल चालत नाही. रिकाम्या घरात चोर कशाला येईल?"

काका विचारात पडले. मुद्दा पटला की त्यांचा उजवा कान लाल व्हायचा. "तेबी खरंय. लिनक्स वापरणारे थोडे, म्हणून व्हायरस लिहिणारेबी तिकडं फिरकत नाय. पण किल्लीचं काय? किल्ली तर हायच ना?"

हा वाद रोज चहाबरोबर चालायचा. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला काका ते मशीन नव्या सुनेसारखं दाखवायचे. शेवटी आम्हाला राहवेना.

एके दुपारी काका मशीन तसंच चालू ठेवून जेवायला गेले. आम्ही कोरलमध्ये एक चित्र केलं. काळी कवटी आणि खाली लाल, जाड अक्षरांत: 'तुमच्या सर्व फाइली खाऊन झाल्या. ढेकर!' फ्लॉपीवरून ते काकांच्या मशीनवर नेलं आणि पडदाभर लावलं. फ्लॉपी तिथं कशी उघडायची, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

काका आले. खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आम्ही दोघी कीबोर्डवर माना घालून हसू दाबत होतो.

"लागण झाली," ते हळूच म्हणाले. बस, एवढंच.

आमचं हसू तिथंच थांबलं. दोन दिवस काकांनी चहा घेतला नाही. मोठी वही उघडून ते मशीनमधल्या फाइलींची नावं एकेक करून लिहीत बसले. मध्येच विचारायचे, "पोरींनो, आता मी सांगितलेलं कोण ऐकेल?" शैला मला कोपराने ढोसायची, मी तिला. सांगायचं कोणी?

तिसऱ्या दिवशी काकांनी डोक्यावर टोपी घातली. "शाळेत जाऊन येतो. हेडमास्तरांच्या लॅबमध्ये मीच लिनक्स बसवलंय. काढून टाका म्हणतो. माझी चूक झाली."

ते उंबऱ्यापर्यंत पोचले आणि शैलाच्या तोंडून थेट नामपूरची अहिराणी बाहेर पडली. "व्हायरस नई शे, काका! चित्र शे!"

काका वळले. "चित्र? कोणी लावलं?"

आम्ही आपापल्या चपलांकडे बघत राहिलो.

"म्हणजे मशीन निर्दोष," काका म्हणाले. "मी दार उघडं टाकून जेवायला गेलो आन् घरातल्याच दोघी आत शिरल्या. त्याला कुठलीबी सिस्टिम काय करणार?"

शिक्षा म्हणून महिनाभर रोज अर्धा तास लिनक्स शिकायचं, आणि दुकानातल्या सगळ्या कामांची प्रत रोज त्या मशीनवर ठेवायची. कुरकुरत का होईना, आम्ही ठेवली. पुढच्या वर्षी शैलाने एक अनोळखी ईमेल उघडला आणि तिन्ही विंडोज मशीनं पुन्हा आडवी झाली. त्या वेळी एकही पत्रिका हरवली नाही. काकांनी फुशारकी मारली नाही. फक्त म्हणाले, "ह्याला व्हायरस होतच नाय असं नाय. कमी होतो. लिहून ठेवा, पुढं भांडू नका."

नंतर दुकान बंद झालं, काका-काकू मनमाडला परतले. आमची लग्नं झाली, फोन कमी होत गेले. काका गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही दोघी मनमाडला गेलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मग मी म्हटलं, "काकू, आम्ही त्यांना फार छळलं हो. ते दोन दिवस अजून आठवतात."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतायत.

"अगं, त्यांना पाच मिनिटांत कळलं होतं," त्या म्हणाल्या. "घरी आले ते हसतच. म्हणे, जगात मराठीत ढेकर देणारा व्हायरस कुठून येईल? आन् तोबी आपल्या दुकानातल्या लग्नपत्रिकेच्या अक्षरांत! दोन दिवस बघत होते, पोरी कधी कबूल होतात ते. चहा सोडला म्हणे तिथं. घरी येऊन चार कप प्यायचे!"

शैला आधी हसली की मी, आठवत नाही. शेजारची बाई पिठलं-भाकरीचा डबा घेऊन दारात आली होती. तीन बायका डोळे पुसत पोट धरून हसतायत, हे बघून आत यावं की नाही, तिला कळेना.