खंडेनवमीचं इंजिन

साहेब मायदेशी गेला तेव्हा त्यानं कुत्रीसुद्धा आगबोटीत घालून नेली. मोटरबोट मात्र हावड्याच्या बाजूच्या एका लहानशा गोदीत, चिखलात रुतवून ठेवली. साठ फुटी, सागवानी, पितळी कठड्याची, आत जेवणाची खोली आणि न्हाणीघर. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्यात इतका चिखल होता की त्याचा नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या बजबज गावापर्यंत बांध घालता आला असता. न्हाणीघराच्या टबात एक खेकडा राहत होता. आम्ही आत शिरलो की तो अशा नजरेनं बघायचा, जणू आम्ही चपला बाहेर काढायला विसरलो होतो.

ही बोट ज्यूटच्या एका शेठनं घेतली आणि दुरुस्तीला माझ्या थोरल्या भावाला बोलावलं. दादा पूर्व बंगालच्या नद्यांवर जाणाऱ्या स्टीमरवर इंजिनीअर होता. फाळणी झाली, नदी दोन देशांत गेली आणि त्याची स्टीमर भंगारात. तेव्हापासून तीन वर्षं तो आमच्या भवानीपूरच्या दोन खोल्यांत बसून होता. बसून म्हणजे खरोखर बसून. पहिल्या वर्षी तो चिडायचा, दुसऱ्या वर्षी पेपर वाचायचा, तिसऱ्या वर्षी वहिनीनं हाक मारली तरी मान वळायला वेळ लागायचा. पुण्याच्या नातेवाइकांना मी पत्रात, तो तपश्चर्येला बसलाय आणि इंद्रानं दोनदा अप्सरा पाठवल्या, असं लिहून टाकत असे. रात्री वहिनी ते पत्र वाचायची आणि पाकीट चिकटवायची.

शेठची अट सरळ होती. "इंजिनीअरबाबू, लक्ष्मीपूजेच्या आदल्या दिवशी माझे पाहुणे येणार. बोट त्यांना घेऊन आपल्या इंजिनांवर डायमंड हार्बरला पोचली, तर ती कायमची तुमच्या हाताखाली. नाही पोचली, तर भंगारवाला टपून बसलाच आहे."

बंगाल्यांची ही लक्ष्मीपूजा म्हणजे आपली कोजागिरी. आमच्या हातात दहा महिने होते.

इंजिनं दोन, डिझेलची, जुळी, म्हशीएवढी. गंज असा की हातोडा मारावा तर हातोड्याचेच दोन तुकडे व्हावेत. सुटे भाग जगात कुठे मिळत नव्हते, पण हावड्याच्या गल्ल्यांत एक म्हातारा बंगाली मिस्त्री होता. त्याला सकाळी हत्तीचा सुळा दाखवला तर संध्याकाळपर्यंत त्यानं मागचा हत्ती ओतून दिला असता. मी बंदराच्या कचेरीत कारकून. शनिवारी दुपारी आणि रविवारी गोदीत जाऊन नट धुवायचो आणि तोंड चालवायचो.

खरं काम दादाचं. दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगांत त्यानं नवा पांढरा धातू ओतला आणि तो हातानं घासायला घेतला. दांड्याला निळा रंग लावायचा, एकदा फिरवायचा, आत जिथे निळं उमटेल तिथे पात्यानं केसाच्या जाडीइतकं खरवडायचं. पुन्हा निळा, पुन्हा पातं. पावसाळाभर हेच. बोटांनी तो असा चाचपायचा की जणू नाडी बघतोय. एका रविवारी वर न बघताच म्हणाला, "हात आहे रे अजून." त्या संध्याकाळी त्यानं चौथी पोळी मागितली. पोळीवर निळी बोटं उठली. वहिनी आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी, म्हणजे बंगाली कारागिरांच्या हत्यारपूजेला, मिस्त्रीनं हत्याराला हात लावला नाही; दिवसभर पतंग उडवला. दादानं ते मुकाट सोसलं. मग आली आपली खंडेनवमी. डाव्या इंजिनाच्या पोटाची बाजूची दारं उघडी होती, दादा ती संध्याकाळपर्यंत बंद करणार होता. मी वहिनीनं दिलेलं पूजेचं ताट घेऊन पोचलो आणि त्याच्या हातातला पाना काढून पाटावर ठेवला.

"अरे, दारं तेवढी लावू दे," दादा म्हणाला.

"एकदा पूजेत ठेवलेला पाना दसऱ्याशिवाय उचलायचा नाही. आईनं काय शिकवलंय?"

मिस्त्री विडी विझवत म्हणाला, "आरे बाबा, तुमचा विश्वकर्मा आमच्यापेक्षा उशिरा येतो, आणि आला की दोन दिवस राहतो?"

"मराठी आहे तो," मी म्हणालो. "जेवल्याशिवाय हलत नाही."

मग मी इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, आणि आरती अशी म्हटली की डमडमला विमानं उतरायची थांबली असतील. शेवटी कुंकवात भिजवलेल्या अक्षता. लोक चिमूटभर टाकतात. मी मूठ भरून उधळली.

दसऱ्याला दुपारी दादा दुसऱ्या इंजिनाच्या दांड्याशी गुंतला होता. "दारं लावून घे," म्हणाला, "आणि लावायच्या आधी आत नीट पूस."

"पुसलं," मी म्हणालो. पुसलं होतंही. हात पोचला तेवढं.

ठरल्या दिवशी सकाळी ओहोटीबरोबर निघालो. पितळ इतकं चकचकत होतं की काठावरच्या घाटांवर माणसं त्यात बघून दाढी करत असतील. वर पाहुणे, संदेश मिठाईच्या टोपल्या, शेठचं हसणं. खाली दादा, दोन्ही इंजिनांच्या मध्ये, स्वच्छ सदरा घालून. पाच वर्षांनी लहान दिसत होता. यात माझी भर नाही.

बजबज मागे पडलं आणि डाव्या इंजिनाच्या तेलाचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा खाली आला. ते घड्याळ आम्ही एका जुन्या लॉरीचं काढून लावलं होतं. खोटं सांगण्यात ते माझा सख्खा भाऊ शोभलं असतं. दादानं त्यावर टिचकी मारली. काटा उठला, पुन्हा पडला. त्यानं घड्याळावर विश्वास ठेवला नाही, आपल्या कामावर ठेवला. मग आतून एक किंकाळी आली, जळक्या धातूचा वास आला आणि इंजिन जागच्या जागी आवळलं. एकट्या उजव्या इंजिनाला ओढ झेपेना. बोट आडवी झाली आणि सावकाश चिखलावर जाऊन बसली. पाहुण्यांना होडग्यांतून उतरवलं, संदेशासकट. आम्हाला एका कोळसा वाहणाऱ्या लाँचनं ओढत परत आणलं.

शेठ ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं दादाला हात जोडून नमस्कार केला आणि तो मोटारीत बसला.

दादा वितळलेल्या बेअरिंगवर बोट टेकून म्हणाला, "घासताना घट्ट ठेवलं मी. मला कळलंच नाही. हात गेला."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. हत्यारं आणायला मी एकटाच गेलो. काय वाटलं कोण जाणे, डाव्या इंजिनाचं दार उघडून तळातली तेल गाळायची जाळी बाहेर काढली. तिच्यावर तांदळाचा थर बसला होता, अजून लालसर, मध्ये झेंडूच्या पाकळ्या. पुढे तेलाचा थेंब जायला वाट नव्हती. दादाचा हात शाबूत होता. त्याला नडली ती माझी मूठ.

मी ती जाळी गंगेत धुतली. का धुतली, ते मला आजही धड सांगता येत नाही. भंगारवाला चौथ्या दिवशी आला.

दादा पुन्हा खुर्चीत बसला. दिवाळी आली, गेली. भाऊबीजेनंतरच्या रविवारी मला राहवलं नाही. त्याच्या पायाशी बसून सगळं सांगितलं : मूठ, जाळी, पाकळ्या, गंगा.

तो ऐकत राहिला. मग कित्येक दिवसांनी हसला.

"अक्षता? आणि पाकळ्यापण? नारळ नाही का सापडला आत?"

"दादा, तुझ्या गळ्याची शपथ."

"इंद्राची अप्सरा नाही ना अडकली जाळीत?"

"वहिनी, तुम्ही तरी सांगा. ताट तुम्हीच दिलं होतं."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "भाऊजी, पुरे," म्हणाली. "त्यांचं मन राखायला म्हणून काहीही बोलू नका."

पुढच्या रविवारी दादानं घासायची पाती तेलाच्या फडक्यात गुंडाळली आणि आम्ही हावड्याला गेलो. मिस्त्री पाती घेईना. "बाबू, का?"

"माझा हात गेला. तू वापर."

मी तोंड उघडलं. दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मिस्त्रीला म्हणाला, "याचं ऐकू नकोस. फार जीव आहे याचा माझ्यावर." मिस्त्रीनं पाती घेतली.

परतताना फेरीबोटीचं इंजिन दर चौथा ठोका चुकत होतं. मला कारकुनालासुद्धा ते ऐकू येत होतं. दादा माझ्या शेजारी बसून शेंगा सोलत होता. सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवत होता.