करंगळीला जागा नाही

आमचे हे फोटोग्राफर. अंगापिंडाने मोठे, आणि पंजा तर असा की कुणाशी हात मिळवला तर समोरच्याचा हात दिसेनासा होतो. बोलणं मात्र मोजकं. स्टुडिओत आतल्या खोलीत हे फोटो काढतात, बाहेर काउंटरवर मी बसते, फोटो कापते आणि दोघांच्या वाटचं बोलते.

ह्यांचा जुना कॅमेरा विटेसारखा जड. रंग उडालेला, एका बाजूचं रबर सुटलेलं. हे तो खुर्चीवर टाकायचे, दाराच्या कडीला अडकवायचे, कठड्यावर ठेवून चहा प्यायचे. कधी तक्रार नव्हती. मग एक दिवस मनगट सुजलं. डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करा." मला वाटलं ह्यांचंच म्हणताहेत, आणि मी मान डोलावली. ते म्हणाले, "कॅमेऱ्याचं."

लेक परगावी नुकतीच नोकरीला लागली होती. तिला फोनवर हे कळलं आणि आठवडाभरात नवा कॅमेरा घरी आला. इवलासा, हलका, देखणा. तिने बापासाठी घेतलेली ती पहिली वस्तू. ह्यांनी खोका उघडला, कॅमेरा बाहेर काढला आणि बराच वेळ नुसते बघत बसले. ह्यांच्या हातात तो साबणाच्या वडीएवढा दिसत होता.

गंमत म्हणजे दुखणं वाढलं. तीन बोटं कशीबशी बसली, करंगळीला जागाच नाही, ती खाली लोंबकळायला लागली. अंगठा पाठीमागच्या बटणांवर पडायचा आणि स्क्रीनवर भलतंच काहीतरी उघडायचं. संध्याकाळी तळहातात असे गोळे यायचे की ह्यांना चहाचा कप धरवेना. वजन गेलं आणि दुखणं आलं, हे कुठलं गणित? माझं डोकं चालेना.

मी लेकीला फोन लावला. हे समोरून हातवारे करत होते, सांगू नकोस म्हणून. मी कशाला ऐकतेय? सगळं सांगून टाकलं.

"अगं आई, त्याला ग्रिप मिळते," ती म्हणाली. "खालून जोडायची. करंगळीला आधार होतो. मी पाठवते."

फोन ठेवल्यावर हे माझ्यावर चिडले. "तिला वाटेल, मला आवडला नाही."

"आवडलाय का पण?"

"आवडलाय म्हणजे काय! प्रश्न हाताचा आहे."

ग्रिप आली. कॅमेरा बोटभर उंच झाला, करंगळी टेकली, हात दुखायचा तो दुखतच राहिला. मग लेकीने अंगठा टेकवायचा एक तुकडा पाठवला. मग पुढून धरायला एक फुगीर मूठ. लहान होता म्हणून दुखत होतं म्हणावं, तर आता चांगला मोठा झाला, मग आता का दुखावं? कॅमेऱ्याच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "काका, तुमच्या हाताला ही बॉडीच लहान. अजून मोठी ग्रिप लावा." डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "हे कसले तुकडे जोडलेत? वजन वाढतंय. काढा सगळं." दोघंही शिकलेले, दोघंही ठाम. मी सकाळी स्क्रू पिळायचे आणि संध्याकाळी सोडायचे. कॅमेरा राहिला बाजूला, माझीच बोटं दुखायला लागली.

एकदा मी स्वतः तो धरून पाहिला. मला काही झालं नाही. मग ह्यांना धरायला सांगितलं आणि नीट बघितलं. नखं पांढरीफटक पडली होती.

"अहो, एवढा आवळताय कशाला? गळ्यात पट्टा आहे ना?"

"मी कुठे आवळतोय?" हे म्हणाले. खरंच आश्चर्याने म्हणाले. त्यांना पत्ताच नव्हता. मी म्हटलं, सैल धरा. सैल धरला की फोटो हलायचे, हलायला नकोत म्हणून पुन्हा आवळायचे. शिवाय काम झालं की पुसून, मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात. जेवताना दोनदा उठून कपाट बघून यायचे. तळहाताच्या फोडासारखं जपणं चाललं होतं, आणि मी आपली स्क्रूच पिळत होते.

तोंडावर शाळेचा क्रीडादिन होता. तिथे ट्रायपॉडचं काम नाही, पोरं धावतात, दिवसभर कॅमेरा हातातच. हे मला म्हणाले, "हा दिवस निभावला नाही तर स्टुडिओ बंद करू." मी हसण्यावारी नेलं खरं, पण ह्या माणसाला दुसरं काही येत नाही, आणि घरी बसवलं तर सहा महिन्यांत म्हातारा होईल हे मला माहीत होतं. जुना कॅमेरा न्यावा तर मनगट जाणार, नवा न्यावा तर पंजा. शेवटी नवाच घेऊन गेले. मुकाट्याने गेले, जीव मुठीत धरून. मी मदतीला बरोबर होते.

पहिल्याच शर्यतीत शेवटच्या रेषेवर एक पोरगी वेग आवरता न आल्याने सरळ ह्यांच्यावर आदळली. ह्यांनी तिला दोन्ही हातांनी झेललं आणि तिच्यासकट मागच्या पायरीवर बसले. कॅमेरा पट्ट्यावर गरकन फिरला आणि सिमेंटच्या कडेवर आपटला. तो आवाज मी मैदानाच्या पलीकडून ऐकला. मी धावत तिथे गेले. पोरीला काही झालं नव्हतं, ती कपडे झटकत बक्षीस घ्यायला पळालीसुद्धा. कॅमेऱ्याच्या कोपऱ्याला मात्र चांगलाच पोचा आला होता. ह्यांनी बटण दाबलं. फोटो निघाला. ह्यांनी पोच्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि उठून दुसऱ्या शर्यतीला गेले.

दुपारी बघते तर कॅमेरा बाकावर पडलेला आणि हे चहा पिताहेत. संध्याकाळी घरी आल्यावर मी विचारलं, "हात?"

"हाताचं काय?" हे म्हणाले. मग स्वतःच्या पंजाकडे बघितलं, मूठ उघडली, मिटली. "अगं, विसरलोच."

त्या दिवसापासून हात दुखला नाही. ग्रिपने शेवटी गुण दिला, असं ह्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही, पण दुकानदार आणि डॉक्टर दोघंही आपलंच बरोबर होतं असं सांगतात, तर मी कोण बोलणारी?

मग लेक सुट्टीला यायची झाली आणि ह्यांची झोप उडाली. पोच्यावर काळी पट्टी चिकटवली. कॅमेरा कपाटात, त्याच्यापुढे कपड्यांची चळत. लेकीने आल्या आल्या कपाटच उघडलं. कॅमेरा काढला, उलटसुलट केला, पट्टीवर तिचं बोट थांबलं. तिने पट्टी सोलली. हे भिंतीशी शाळेतल्या पोरासारखे उभे.

"शर्यतीत आपटला," हे म्हणाले. "चुकून झालं. मी जपतो गं तसा."

लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ती हसतही होती. "मला वाटलं, तुम्ही तो तसाच ठेवून दिलाय. मला वाईट वाटू नये म्हणून ग्रिपा मागवताय, आणि काम जुन्यावरच करताय. रोज वाटायचं, बाबांना नको ती वस्तू दिली." तिने पोच्यावर तळवा ठेवला. "हा तर वापरलेला आहे."

ह्यांना काही कळेना. ती रागावली की खूश झाली, ह्याचाच पत्ता लागेना. माझ्याकडे बघितलं, मी गप्प. हयातीत पहिल्यांदाच गप्प.

"मी करून घेतो दुरुस्त," हे चाचरत म्हणाले. "उद्याच नेतो."

"खबरदार, दुरुस्त केलात तर," ती म्हणाली आणि कॅमेरा ह्यांच्या हातात दिला.