सगळ्या प्रश्नांना ‘नाही’

‘आपल्या विचारांवर बाह्य शक्तींचा प्रभाव पडतो असे आपणांस वाटते काय?’ आमच्या नंदुरबारकडे असं कोण कुणाशी बोलतं? तो छापील प्रश्न आठवला तरी आजही माझं डोकं फिरतं. प्रशिक्षणात बजावलं होतं, छापलंय तसंच वाचायचं, शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. दवाखान्यात माझं काम मुलाखती घेण्याचं. भास, संशय नुकते डोकावू लागलेत अशा तरुण पोरापोरींना बोलतं करायचं, मन पुरतं बिघडायच्या आत ओळखायचं. वेळेत ओळखलं तर पुढचं बरंच टळतं.

ती मुलगी कोरीटकडची, लोणखेड्याच्या कॉलेजात शिकणारी. वसतिगृह सोडून घरी आली होती, जेवत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती. वडील केळीवाले शेतकरी. त्यांना घाई होती. “पाहुणे बघायला येणार आहेत मॅडम. मुलीत काही दोष नाही, एवढं लिहून द्या.” तेही शुद्ध बोलत होते. टेबलामागे कुणी बसलेलं दिसलं की आम्ही सगळे चपलांबरोबर अहिराणीही दाराबाहेर काढून ठेवतो.

वडिलांना बाहेर बसवून मी एकेक प्रश्न वाचला. मुलगी हजेरी दिल्यासारखी म्हणत गेली, “नाही मॅडम. नाही मॅडम.” मला तर बरंच वाटलं, लवकर उरकलं म्हणून! ‘जोखीम आढळली नाही’ असं लिहून मी सही ठोकली. वडिलांनी कागद घडी करून खिशात घातला.

पाच मिनिटांनी झाडूवाली मावशी आत आली. “मॅडम, ती पोर काय सांगी ऱ्हायनी, आयकं का तुम्ही?”

ती बाहेर पाणी पीत असताना मावशीने तिला सहज विचारलं होतं, बाय, झोप येस का तुले? आणि ती भडाभडा बोलली होती. “भिंतमांगे लोके बोलतस. मन्हं नाव लेतस. माले माहीत शे तठे कोनी नही, पन आयकू येस.”

तिथे कोणी नाही हे तिला अजून कळत होतं. नेमकी हीच वेळ पकडायला मला पगार मिळतो, आणि ती पकडली झाडूवालीने.

मी धावले. वडील मोटारसायकलला किक मारत होते, मुलगी मागे बसलेली. मी कागद परत मागितला.

“सही तुमचीच आहे ना? मग आता काय बदललं?”

“माझी अक्कल ठिकाणावर आली!” मी भर आवारात ओरडले. राग त्यांच्यावर काढला, पण माणूस चूक काय बोलत होता?

मग मी मुलीकडे वळले. “बाय, भिंतमांगे कोन बोलस?”

तिने आधी वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि बोलू लागली. खोलीतले आवाज, भाकरीला येणारा वेगळाच वास, आईनेच काही घातलं असेल का ही शंका, आणि आईवर शंका घेतली म्हणून आलेलं रडू. वडिलांनी गाडी बंद केली. कागद त्यांनी स्वतःच काढून माझ्या हातात दिला.

“आते काय करानं?” त्यांनी विचारलं.

म्हटलं, पाहुण्यांना थांबवा, आधी आत डॉक्टरांकडे चला.

मुलगी गाडीवरून उतरली. “मॅडम, तुमले आपली बोली येस ना? मंग मघाशी आसं काबरं नही इचारं?”

ती तक्रार करत नव्हती, खरंच विचारत होती. मी म्हणाले, नियम आहे तसा. नियम आहेच, पण खरं कारण ते नव्हतं. घरी आईशी मी याच बोलीत भांडते. त्या खुर्चीत बसून ती बोली बोलायची मला लाज वाटत होती, आणि हे तिला सांगायचीही लाज वाटली.