धाकटीची जीभ

थोरलीच्या तोंडाची चव एका तापात गेली आणि ताप उतरला तरी परत आली नाही. नाकाचंही तेच. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी यायचं, वास मात्र शून्य. हॉटेलच्या थंड विभागात सॅलड, क्रीम आणि ड्रेसिंग करण्यात जिचं अर्धं आयुष्य गेलं, तिने हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मुख्य आचाऱ्यांना सगळे वस्ताद म्हणत. त्यांना कळलं असतं तर भांडी घासायच्या मोरीवर रवानगी ठरलेलीच होती.

तिने सांगितलं ते फक्त धाकट्या जावेला. धाकटी शेजारच्याच ओट्यावर पालेभाज्या धुवून निथळायची. तेव्हापासून थोरली करायची आणि धाकटी चाखायची. चमच्याचं टोक जिभेला लावून हळूच पुटपुटायची, मीठ कमी आहे, आंबट झालंय. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं दोघींचं चाललं होतं.

मग घरी माशी शिंकली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्या थोरलीकडेच. त्यांचं करून करून ती इतकी पिचली की चार पाहुण्यांसमोर बोलून गेली, धाकटीनेही न्यावं आता, तिच्याही त्या कोणीतरी लागतात. धाकटीला ते वर्मी लागलं. तिने अबोला धरला, घरात आणि ओट्यावरही.

त्यातच दुपारची मोठी मेजवानी आली. थोरलीने अंड्याच्या बलकात मोहरी आणि व्हिनेगर घालून फेटायला घेतलं. तेल आणि पाणी एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. बलक मध्यस्थी करतो म्हणून नांदतात, आणि तेही तेल थेंबाथेंबाने आलं तरच. घाई केली की फुटलंच. हे डोळ्यांना दिसतं, हाताला कळतं, त्यामुळे इथे तिला अजून कुणाची गरज नव्हती. मनगट भरून आलं तरी ती थांबली नाही. मेयोनीज असं घट्ट झालं की त्यात चमचा उभा राहिला. कितीतरी दिवसांनी तिला जरा बरं वाटलं.

तिने पातेलं धाकटीपुढे सरकवलं. धाकटीने वर पाहिलंही नाही. तेवढ्यात वस्ताद चमचा घेऊन आलेच.

आणि धाकटीचा कोपर लागून पातेलं फरशीवर पालथं झालं.

वस्तादांनी तिचा यथेच्छ उद्धार केला. तिने खाली मान घालून ऐकून घेतलं. लगेच दुसरं करा, असं बजावून ते गेले. दोघी फडकी घेऊन उकिडव्या बसल्या.

“घरचा राग इथे काढलास ना?” थोरली म्हणाली.

धाकटीने फडकं पिळलं. “तेल खवट होतं, ताई. पातेलं पुढे आलं तेव्हाच वास आला.”

थोरलीने उठून तेलाचा डबा नाकाशी धरला. सवयीने. काहीच नाही. ती परत खाली बसली. रडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

“सासूबाईंचं घरी बोलू,” धाकटी म्हणाली. “पण चव गेल्याचं तुम्हीच वस्तादांना सांगा. मी किती पातेली सांडू?”

धाकटीने नवा डबा हुंगून दिला. थोरलीने पुन्हा बलक घेतला, पुन्हा थेंब थेंब तेल सोडू लागली.

“एवढं झालं की जाते सांगायला,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “मोरीवर पाणी गरम असतं का गं?”

“सकाळी असतं,” धाकटी म्हणाली, आणि चमच्याचं टोक जिभेला लावलं.