नकटीचं नाक

लेकीने तो घास थुंकला कसा नाही, हा प्रश्न रविवारपासून आईच्या मानगुटीवर बसला होता आणि उतरायचं नाव घेत नव्हता.

लेकीला घरात सगळे नकटी म्हणत. नाक बोटाच्या पेराएवढं, पण भारी तिखट. दूध नासायच्या बेतात आहे हे तिला आदल्या दिवशीच कळायचं. "आली नाकाने कांदे सोलणारी!" म्हणून धाकटा भाऊ पिडायचा. मग त्याने न धुतलेले मोजे कुठे दडवलेत ते ती डोळे मिटून सांगायची. पदवीनंतर दोन वर्षं उंबरठे झिजवून ती एका बेकरीत पाव कापायला लागली. एकदा भट्टीचं घड्याळ बंद पडलं, तेव्हा तिने नुसत्या वासावर चाळीस केक वेळेत बाहेर काढले. मालकीणबाईंनी त्याच दिवशी भट्टी तिच्या हवाली केली. त्याला आता नऊ वर्षं झाली.

खजूर-अक्रोडाचा केक तिच्या हातचाच. सोडा घातलेल्या गरम पाण्यात खजूर भिजवायचा, लोण्यासारखा मऊ झाला की पिठात कालवायचा. अक्रोड मात्र हाताने मोडायचे, एकेक हुंगून. "एक खवट निघाला तरी अख्खा केक वाया, आई."

रविवारी ती आईकडे आली आणि तोच केक करायला घेतला. अक्रोड आईच्या फडताळातले, कधीचे कोण जाणे. तिने ते पटापट मोडले नि पिठात टाकले. केक दिसायला सुरेख झाला. आईने तुकडा तोंडात टाकला आणि तिची जीभच आक्रसली. जुन्या तेलासारखी कडवट चव घशात चिकटून बसली.

लेक मात्र दुसरा तुकडा खात होती. "मस्त ओलसर झालाय ना?"

"आणि अक्रोड गं?"

लेकीचं चावणं थांबलं. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं. "खवट आहेत का?"

मग सगळं बाहेर आलं. तीन महिन्यांपूर्वी ताप आला, तेव्हा वास गेला तो गेलाच. साबण नाही, कांदा नाही, काही नाही. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. बेकरीत ती रंग बघून, सुरी खुपसून दिवस ढकलत होती.

"मालकीणबाईंना सांगितलंस?"

"वेडी आहेस का? परत पाव कापायला बसवतील मला. तुला माझी शपथ आहे, कोणाला सांगायचं नाही."

आईने मान डोलावली खरी. पण सोमवारी तिच्या शेगडीवर दूध उतू गेलं, ज्योत विझली आणि घरभर गॅसचा वास पसरला. कॉक बंद करताना आईला दरदरून घाम फुटला. बेकरीच्या दोन्ही भट्ट्या गॅसवरच्या, आणि पहाटे चारला काडी ओढणारी एकटी नकटी.

"गळती झाली तर तुला कळेल का गं?" तिने फोनवर विचारलं.

"नऊ वर्षांत झाली नाही, ती आत्ताच होणार आहे?"

"गळती झाली की वाजणारं यंत्र मिळतं म्हणे. ते तरी बसवून घ्या."

"आणि कशाला हवं म्हणून विचारलं तर काय सांगू? उगाच जीव खाऊ नकोस, आई."

तेव्हापासून आई रोज पहाटे फोन हातात धरून बसे. भट्टी लावली की कळवायचं, एवढं लेकीने कबूल केलं होतं; 'पेटली' एवढा एकच शब्द आला की तिचा श्वास सुटे. आज गुरुवारी साडेचार झाले, पाच झाले, शब्द नाही. तिने सात वेळा फोन लावला. सव्वापाचला उत्तर आलं, 'विसरले गं.' आईने फोन खाली ठेवला नाही.

सांगितलं तर लेकीची भट्टी जाणार. लेक कदाचित जन्मभर बोलणार नाही. न बोलो. बोलायला राहू तर दे.

लेकीने मागे कधीतरी आणलेल्या बेकरीच्या केकच्या खोक्यावर दोन नंबर होते, एक बेकरीचा, एक मालकीणबाईंच्या घरचा. बेकरीतला फोन लेकच उचलते. आईने घरचा लावला.