बारा नॅपकिन

जेवण आटोपलं की मामंजी नॅपकिन मोजायचे. बारा होते, हैदराबादेहून आणलेले, पांढरेशुभ्र, हातभर लांबरुंद. टेबलावरची ताटं उचलण्याआधी मोजणी व्हायची आणि तोवर कुणी उठायचं नाही. बीदरमध्ये त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत. मी चिंताकीच्या शेतकऱ्याची मुलगी. मॅट्रिक झालेली म्हणून त्यांच्या मुलासाठी केलेली.

पहिल्याच दिवशी मी नॅपकिननं तोंड खसाखसा पुसलं. मामंजींनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "सूनबाई, तोंड टिपायचं असतं. घासतात ती भांडी." पुढचे आठ दिवस मला नॅपकिन नाही. पाहुणे आले तरी मी पदरालाच हात पुसायचा आणि कुणी विचारलं तर कारण मीच सांगायचं. "घराणं पोथीत नसतं, तोंड पुसण्यात असतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. नॅपकिन मांडीवर घ्यायचा, गळ्यात अडकवायचा नाही, उठताना घडी घालून डावीकडे ठेवायचा. त्यांच्या मुलानं चाळिशीतही यात चूक केली तर त्याला पानावरून उठवत. मामंजी हुशार होते, गरिबांचे खटले फुकट लढायचे, हेही सांगायला हवं. पण त्यांच्या टेबलाशी मात्र कुणाला माफी नव्हती.

लग्नानंतर वर्षभरानं माझे अप्पा पहिल्यांदा जेवायला आले. त्या दिवशी मुन्सफ आणि एक डॉक्टरही पंगतीला होते. अप्पांच्या ताटात घडी घातलेला कोरा पांढरा कपडा. आमच्याकडे व्याह्याला टॉवेल-टोपीचा आहेर करतात. अप्पांनी तो दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि खांद्यावर टाकला. "एवढं कामून करायलाव, व्याही? जेवायच्या आधीच आहेर?"

मामंजी हसले. "घ्या, सुरू करा."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला सगळं कळलं होतं. दोन पावलं पुढे येऊन कानात सांगितलं असतं तरी भागलं असतं. मी घाबरले आणि गप्प राहिले. अप्पा पोटभर जेवले. आहेराला डाग नको म्हणून त्यांनी हात स्वतःच्या धोतराला पुसले. मुन्सफ खाली बघून हसत होते.

मग मोजणी झाली. "अकरा," मामंजी म्हणाले. "एक कमी आहे. व्याही, तुम्हाला कुठं दिसला का?"

अप्पांनी टेबलावर पाहिलं, टेबलाखाली पाहिलं आणि मग स्वतःच्या खांद्याकडे. कपडा काढून त्यांनी नीट घडी घातली आणि ताटाशेजारी ठेवला. "चुकलं, साहेब," एवढंच म्हणाले. जेवणाआधी व्याही म्हणत होते. ते विड्याला न थांबता निघाले. अप्पा पायऱ्या उतरेपर्यंतही मामंजींना दम निघाला नाही. "सूनबाई, तो धुवायला वेगळा टाका."

त्यानंतर अप्पा त्या घराची पायरी चढले नाहीत. बीदरला आले की मला बसस्टँडवर बोलावत. माझ्या मुलांनी आजोबा पाहिला तो तिथल्या बाकावर, शेंगांची पिशवी घेऊन बसलेला. त्या दिवसाबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नाहीत.

माझी थोरली लेक कॉलेजात गेली त्या वर्षी मामंजींना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचा गेली, तोंडातून लाळ गळायची. सासूबाई आधीच गेल्या होत्या, त्यामुळे भरवायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना त्याच टेबलाशी बसवायची आणि बारा नॅपकिनांची चळत त्यांना दिसेल पण हाताला लागणार नाही अशी ठेवायची. खिचडी हनुवटीवरून ओघळायची. ते डाव्या हातानं चळतीकडे दाखवायचे. "जेवण संपू द्या आधी," मी म्हणायची. खिचडी वाळायची, माशा बसायच्या, ते रडायचे. मला दया आली नाही. खोटं कशाला बोलू, जेवणाची वेळ झाली की मला हुरूप यायचा.

व्याही आजारी आहे कळल्यावर मात्र अप्पांना राहवलं नाही. भर दुपारी आले. मामंजी टेबलाशी, तोंड बरबटलेलं. अप्पा क्षणभर बघत राहिले. मग खांद्यावरचा स्वतःचा टॉवेल काढला, तांब्यातल्या पाण्यात भिजवला आणि लेकराचं पुसावं तसं त्यांचं तोंड पुसलं.

"अप्पा, नॅपकिन आहेत की," मी म्हणाले.

"ते मोजलेले असतेत, पोरी." त्यांनी चळतीकडे पाहिलं, मग वाळलेल्या खिचडीकडे, मग माझ्याकडे. "असं किती दिस चालू हाय?"

मी चहा ठेवायला वळले.

"तुझा सासरा बरा म्हणायचा," अप्पा म्हणाले. "त्यानं एकदाच केलं. तू रोज करायलीस."

मी चहा ठेवला होता. तो न घेताच ते पायऱ्या उतरले. पंधरा दिवसांनी मामंजी गेले. अप्पा मातीला आले, पण मला भेटले नाहीत. नंतर बसस्टँडवरही त्यांनी मला कधी बोलावलं नाही.