काटा थांबेपर्यंत

बाबा गेले त्या वर्षी माझा उजवा कोपर दुखत होता. दोन्ही गोष्टी मी एकत्रच लिहिते आहे, कारण मला त्या वेगळ्या काढता येत नाहीत. त्या दिवसांत तू काय करत होतीस, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एवढंच, की मी हातात एक स्प्रिंग धरून दाबत होते.

मी तेलंगणात, आदिलाबादला, मराठी शाळेत शिकवत होते आणि कॉलेजपासून पिस्तूल नेमबाजी करत होते. हे ऐकलं की लोक आधी माझ्या चष्म्याकडे पाहतात. छऱ्याचं पिस्तूल, दहा मीटरवर कागदी लक्ष्य, आणि हात लांब करून एकाच हाताने नेम धरायचा. शहराजवळ मावल्याला, कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आमचे सर शिकवायचे. ते फौजेतून निवृत्त झालेले, घरी तेलुगू आणि आमच्याशी हिंदी बोलणारे. पिस्तूल त्यांचंच. आम्ही ते पाळीपाळीने वापरायचो.

आमचं घर तामसीकडच्या एका गावात. तिथून बाबा आणि माय रोज पहिल्या बसने कांदे-आलूच्या गोण्या घेऊन आदिलाबादच्या बाजारात यायचे. बाबांना ह्या खेळातलं काही कळत नसे, तरी ते गिऱ्हाइकांना सांगत, की पोरगी जिल्ह्याकडून खेळणार आहे. त्यांनी ते ठरवूनच टाकलं होतं. श्रावणात ते गेले तेव्हा निवड अजून व्हायची होती, आणि मुलींच्या संघात एकच जागा रिकामी होती. ती जागा मला हवी होती. आधी तितकी हवी होती का, हे आता सांगता येत नाही.

माझी पकड कच्ची आहे, शेवटच्या दहा नेमांत हात थरथरतो, असं सर नेहमी म्हणायचे. म्हणून बाबांच्या तेराव्यानंतर मी पकड वाढवायची स्प्रिंग आणली आणि दाबायला लागले. बसमध्ये दाबायची, वह्या तपासताना डाव्या हाताने खुणा करून उजव्याने दाबायची, पुस्तक वाचताना पानागणिक दाबायची. भेटायला येणाऱ्या बायाबापड्या बाबांविषयी बोलत आणि मी पदराआड मूठ आवळत बसे. पंधरा दिवसांत कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागलं. मला वाटलं, ताकद येते आहे म्हणून दुखतं आहे.

त्याच दसऱ्याला आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. आमच्या नावाचा जिल्हा आमच्याकडेच राहिला, पण तोही पहिल्यासारखा राहिला नाही. मावला वेगळं मंडल, म्हणजे तालुक्यासारखं, झालं. शाळेत कोण कुठल्या जिल्ह्यात जाणार ह्याच्या याद्या येत आणि बदलत. निवडीचे अर्ज परत आले, कारण त्यांवर जुना जिल्हा होता. पुन्हा भरले, तर निवड कुणी घ्यायची हेच ठरेना. दोन वेळा तारीख पुढे गेली. दुखऱ्या हाताला ही सवड होती, हे मला आज दिसतं. तेव्हा मी उलट हिशेब केला, की दाबायला आणखी दिवस मिळाले.

मग एक दिवस फळ्यावर लिहिताना खडू हातातून पडला. साडी पिळता येईना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कोपरावर एका जागी बोट ठेवलं, मी ओरडले, आणि त्यांनी ह्याला टेनिस एल्बो म्हणतात असं सांगितलं. मी टेनिसची रॅकेट कधी हातात धरलेली नव्हती. त्यांनी स्प्रिंग बंद करायला लावली. टेबलाच्या कडेबाहेर मनगट काढायचं, दुसऱ्या हाताच्या मदतीने वजन वर आणायचं आणि दुखऱ्या हाताने ते अगदी हळू खाली सोडायचं, एवढंच करायला सांगितलं. ताकद वाढवायला खाली काय सोडायचं, हे मला समजेना. तरी घरी येऊन मी बाबांचं अर्ध्या किलोचं लोखंडी माप रुमालात बांधलं आणि सुरू केलं. मायने पाहिलं. बाबांची मापं तिने कुणाला हात लावू दिली नव्हती. सकाळी बाजारात जाताना तिने ते रुमालातून सोडून घेतलं आणि संध्याकाळी पुन्हा माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मग रोज तसंच होऊ लागलं.

दुखणं कमी व्हायचं आणि पिस्तूल धरलं की परत यायचं. सर म्हणत, विश्रांती घे. अखेर तारीख ठरली होती आणि निवड पंधरा दिवसांवर आली होती.

त्या रविवारी मी मायबरोबर बाजारात बसले. बाबांच्या मागे तिने तागडीच ठेवली होती, हातात उचलून धरायची, मधे काटा असलेली. एक ओळखीची बाई आलू घ्यायला आली, मायचे हात कांद्यात होते, म्हणून मी तागडी उचलली. कोपरातून कळ गेली. काटा इकडून तिकडे हलत राहिला आणि मी दात दाबून तशीच धरून राहिले.

"मास्तरीनबाई, आलू शिजवूनच देता का आता?" ती बाई म्हणाली.

माय हसली नाही. माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "मूठ काऊन आवळून राह्यली? कोणी हिसकून नेऊन राह्यलं का? बोटायवर लटकू दे. अन् आलूकडं नको पाहू, काट्याकडं पाह्य."

मी बोटं सैल केली. काटा तरी थांबेना, वारा होता.

"नाही थांबला त खाली ठेव. पुन्हा उचल. तुहा बाप धरून नव्हता बसत. त्याचाबी कोपर दुखे."

मी तागडी खाली ठेवली. बाबांचा कोपर दुखायचा हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळी ते कोपराला दुपट्टा गुंडाळून बसत, ते मी रोज पाहिलं होतं आणि घामासाठी असेल असं धरून चालले होते. वाऱ्याच्या दिवशी ते तागडी चार-चार वेळा खाली ठेवत आणि गिऱ्हाईक चिडून शेजारच्या दुकानावर जाई, हेही पाहिलं होतं. त्याची मला लाज वाटायची.

दुसऱ्या दिवशी मावल्याला मी माझी जुनी वही उघडली. सरांचं बोलणं मी पहिल्यापासून लिहून ठेवत असे. लक्ष्य धूसर दिसू दे, नजर पिस्तुलाच्या टोकावर. पकड जोराची नको, दर वेळी सारखी हवी. नेम बसला नाही तर हात खाली घे. सगळं माझ्याच अक्षरात होतं. हे मी इतकी वर्षं लिहीत होते की करत होते, ते मला सांगता येईना.

पंधरा दिवस मी थोडेच नेम मारले आणि पुष्कळदा हात खाली घेतला. सकाळ-संध्याकाळ माप हळू खाली सोडलं. कोपर पूर्ण बरा झाला नाही, पण खडू हातात राहू लागला.

निवडीला चाळीस छरे होते आणि वेळ ठरलेला. मी एकेक नेम धरत होते. नाही थांबला, खाली. पुन्हा वर. पस्तीस छऱ्यांपर्यंत हात थरथरला नाही आणि दुखलाही नाही. मग वेळ कमी उरला. एकोणचाळिसावा गेला. शेवटचा छरा भरून हात वर नेला, टोक हलत होतं, खाली घेतला. पुन्हा वर, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा वर नेला तेव्हा थांबण्याचा हुकूम झाला. छरा पिस्तुलातच राहिला.

मी पाच गुणांनी मागे राहिले. जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. सर पिस्तूल पेटीत ठेवत म्हणाले, "आँख बंद करके भी मारती, तो छह मिल जाते." ते खरं होतं. मला तेव्हाही ते माहीत होतं. मी का मारला नाही, हे मात्र मलाच कळलं नव्हतं.

घरी माय भाकरी थापत होती. जागा मिळाली नाही, हे तिला माझ्याकडे पाहूनच समजलं असावं. तिने विचारलं, "हात दुखला का?"

"नाही."

"मंग?"

मी सांगितलं. एक छरा राहिला. नेम थांबला नाही म्हणून हात खाली घेत गेले आणि वेळ संपला.

तिने भाकरी तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवला. मग श्रावणानंतर पहिल्यांदा ती हसली, अगदी थोडी, तव्याकडेच पाहत.

"तुह्या बापाचं गिऱ्हाईक अशानंच जाये," ती म्हणाली.

हा टोमणा होता की आणखी काही, हे मी विचारलं नाही. मी माप रुमालात बांधलं आणि टेबलाच्या कडेवर मनगट ठेवलं.